अर्जदारासह शंभर

धुलाईघर, मोठं इस्पितळ
४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले, उत्तराला उशीर झाला म्हणून लगेच गाल फुगवून बसू नकोस. तुमच्या बराकीत फोन दारातच काढून घेतात हे एका परीने बरंच आहे, निदान आपलं पत्र लिहिणं तरी टिकलं. बाबा टपालखात्यात होते तेव्हा आलेल्या पत्राला उत्तर लिहिल्याशिवाय कुणाला जेवायला बसू देत नसत. अजूनही तुझं पत्र तसंच पडून असलं की मला घास गोड लागत नाही.

बातमी वाईट आहे. आमची इस्त्रीवाली परवा गेली. वाफेचा नळ फुटून ती भाजली हे तुला मागे कळवलंच होतं. अकरा दिवस ती इथेच वरच्या मजल्यावर होती, आम्ही धुतलेल्या चादरींवर. ती गेल्यावर तिच्या खाटेवरचे कपडे नेहमीसारखे गाठोड्यातून खाली आले, आणि आलेले कपडे मोजून घ्यायचं काम माझं. चार चादरी, दोन अभ्रे. मी मोजले, वहीत लिहिले आणि मग मला पुढचं काही दिसेना. घडीवाल्या आजीने हाताला धरून मला बाकावर नेऊन बसवलं.

तो नळ वर्षभर गळत होता रे. बॉयलरवाल्याने तीन वेळा लेखी कळवलं. वरून उत्तर आलं की तूर्तास फडकं बांधा. आता शेजारच्या दुसऱ्या नळालाही फडकंच बांधलेलं आहे, आणि त्याच्याखाली रोज चौदा बायका उभ्या राहतात. त्यातली एक मी. अधीक्षकांना भेटायला आम्ही पाचदा गेलो. पाचही वेळा ते बैठकीत होते. एवढ्या बैठका घेऊन माणूस उठतो तरी कधी, असं आजी विचारते.

म्हणून इस्पितळाच्या फाटकासमोर उभं राहायचं ठरलंय. आरडाओरडा नाही, दगड तर नाहीच नाही. दोन्ही नळ बदला, एवढंच मागणं. परवानगीचा अर्ज माझ्या नावाने करावा असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, कारण माझं अक्षर बरं आणि मी मोजणीला पक्की. तुमच्या पोलीसखात्यात हे कसं चालतं ते सविस्तर कळव. मला एकही चूक व्हायला नको आहे.

आईचे गुडघे दुखतात, पण तोंड ठणठणीत आहे. ठकीची परीक्षा आली, ती अभ्यास सोडून बाकी सगळं करते. मामावर गेली आहे.

लोभ आहेच, तो कितीही धुतला तरी विटू नये.

तुझी,
ताई


पोलीस बराक, खोली १४
९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इस्त्रीवाली गेल्याचं वाचून सुन्न झालो. माझ्या पहिल्या गणवेशाला तिनेच इस्त्री करून दिली होती, आणि या कडेने आता काकडी चिरता येईल असं म्हणाली होती. त्या दिवशी मी रांगेत इतका ताठ उभा होतो की साहेबांनी मला दोनदा वळून पाहिलं. तिच्यामुळे.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळतो. तुला राग येईल, पण आधी दुसरी बाजू ऐक. दोन वर्षांपूर्वी एका मोर्चाच्या बंदोबस्ताला मी होतो. लोकांचं म्हणणं रास्त होतं, हे मलाही पटत होतं. पण गर्दीत एक अ‍ॅम्ब्युलन्स अडकली, आणि वीस पावलांवरचं फाटक गाठायला तिला अर्धा तास लागला. आत एक बाई होती. तिचा नवरा खिडकीतून हात बाहेर काढून नुसता हलवत होता. तो हात अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हा आम्ही अटी घालतो त्या सगळ्याच काही तुमचा गळा दाबायला नसतात.

इस्पितळासमोर उभं राहायला जास्तीत जास्त शंभर माणसांची परवानगी मिळते. दोन तास. भोंगा नाही, घोषणा नाहीत, गाड्यांची वाट मोकळी. आणि हे नीट वाच, परवानगीच्या कागदावर ‘अर्जदारासह शंभर’ असं छापलेलं असतं. तो पहिला शब्द कुणी वाचत नाही, म्हणून मी इथे त्याच्याखाली लाल शाईने रेघ मारतो आहे. नव्या कायद्यात एक जरी अट मोडली तरी सगळा जमाव बेकायदा ठरतो. मग पांगायला सांगतात, न पांगल्यास बळ वापरतात, आणि त्यात कुणाला काही झालं तर त्याचं खापर अर्जदाराच्या डोक्यावर. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून पाया पडतो, अर्ज दुसऱ्या कुणाच्या नावाने करा.

मोजणीला पक्की म्हणे! नदीवरची गोष्ट विसरलीस वाटतं. तू अकरा वर्षांची, आम्हा चार पोरांना पोहायला घेऊन गेलीस. पाच जाताय, पाच परत या, असं बाबांनी बजावलं होतं. निघताना तू मोजलंस तर चारच. पुन्हा मोजलंस, पुन्हा चार. कुणीतरी बुडालं असं समजून तू वाळूत बसून गळा काढलास, आणि मी तुझ्या मांडीशीच उभा. शेवटी मी तुझ्या पोटात बोट खुपसलं तेव्हा तुला पाचवी सापडली.

तरी तुझीच विद्या मला पोटाला घालते. दहा चादरी झाल्या की कमरेच्या कापडाला एक चिमटा लावायचा, हे मी तुझ्या धुलाईघरात बसून शिकलो. आता गर्दी मोजताना दहा माणसं झाली की एक चिमटा उजव्या खिशातून डाव्यात टाकतो. दहा चिमटे संपले की शंभर. साहेब मला मापाडी म्हणतात. माझा आकडा आजवर कधी चुकला नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा माज आहे.

आईला नमस्कार, ठकीला एक टपली. लोभ मोजू नये, नुसता वाढू द्यावा.

तुझा,
बारक्या


धुलाईघर
१७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवानगी मिळाली! एकवीस तारीख, सकाळी दहा ते बारा. कागदावर दोन शिक्के आहेत, आणि तो ओला होऊ नये म्हणून मी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवला आहे. अर्ज माझ्याच नावाने केला, तेव्हा ओरडू नकोस. बाकीच्यांपैकी कुणाचं मूल अंगावर पितं आहे, कुणाचा नवरा खाटेला खिळलेला. ठकीचे बाबा गेले तेव्हा याच बायकांनी सहा महिने माझं काम वाटून घेतलं होतं. आता मी मागे सरले तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. यंत्रं चालू होती, म्हणून तीनदा ओरडून वाचावं लागलं. अ‍ॅम्ब्युलन्सची हकिगत ऐकून सगळ्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. आजी म्हणाली की आपण इस्पितळातली माणसं आहोत, आपल्यामुळे आजारी माणूस अडकला तर इस्त्रीवालीसुद्धा आपल्याला माफ करणार नाही. म्हणून कपडे वाळत घालायची दोरी लावून गाड्यांची वाट वेगळी काढणार आहोत. घोषणा नाहीतच. प्रत्येकीने हातात एक घडी केलेली पांढरी चादर धरायची आणि गप्प उभं राहायचं.

आकड्याची काळजी करू नकोस. फाटक्या चादरींच्या काठांचे मी बरोब्बर शंभर बिल्ले शिवले आहेत. कपड्यांवर खुणा करायची आमची शाई असते ना, धुऊन न जाणारी, तिने त्यांवर एक ते शंभर आकडे घातले आहेत. ज्याच्या मनगटावर बिल्ला तोच दोरीच्या आत. बिल्ले संपले की कुणी का असेना, घरी. बॉयलरवाला म्हणतो की ताईंनी मोजलेलं तुमच्या साहेबाच्या बापालाही चुकीचं ठरवता यायचं नाही. हे मी लिहीत नव्हते, पण तो बघत उभा आहे.

खरं सांगू का, मनातून मला भीती वाटते. काल दुसऱ्या नळाचं फडकं पुन्हा बदललं. तो आता शिट्टी वाजवल्यासारखा आवाज करतो, आणि त्याच्याखालून जाताना प्रत्येकजण मान खाली घालतो. उभं राहायचीही भीती आणि न राहायचीही, अशी गत आहे. रोज सकाळी ठकी शाळेला निघाली की मी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघते.

तुझी ड्युटी तिथे लागू नये असं वाटतं. लागलीच तर माझ्याकडे बघून हसू नकोस, मला हसू आवरणार नाही आणि आमची शोभा होईल.

लोभ आहे, त्याची घडी मोडू नये.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न.

आईच्या वहीतला कागद फाडून लिहिते आहे. बाकीचं सगळं त्यांनी नेलं.

तू तिथे होतास. मी तुला पाहिलं. मी समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभी होते, कारण आईने मला दोरीच्या आत घेतलंच नाही. शंभर झाले, म्हणाली. अकरा जणांना तिने परत पाठवलं, त्यातली एक मी. मी रडकुंडीला आले, हाता-पाया पडले, पण तिने मलाही सोडलं नाही. नियम म्हणजे नियम, मामाने लिहिलंय, असं म्हणाली.

सगळं किती छान चाललं होतं. दोन अ‍ॅम्ब्युलन्स आल्या आणि सरळ आत गेल्या. दुसरीच्या ड्रायव्हरने तर आजीला हात केला. मग कुणी मोठे पाहुणे बारा वाजता नव्या इमारतीचं उद्घाटन करायला येणार म्हणून फाटकाशी धावपळ सुरू झाली. तुझ्या साहेबांनी तुला काहीतरी सांगितलं. तू रांगांमधून फिरलास. खिशातून काहीतरी काढून दुसऱ्या खिशात टाकत होतास. परत जाऊन तू साहेबांशी बोललास, आणि बोलताना हसत होतास. मामा, तू हसत होतास.

पुढचं तुला माहीतच आहे. भोंग्यावर कुणीतरी बोललं, काय ते आम्हाला कळेपर्यंत काठ्या सुरू झाल्या. आई परवानगीचा कागद वर धरून पुढे गेली, पुन्हा मोजा, पुन्हा मोजा, असं म्हणत होती. आजी खाली पडली, तिच्यावर तिघीजणी पडल्या. आजीचं कमरेचं हाड मोडलं आहे. ती आता त्याच इस्पितळात आहे, आणि तिच्या चादरी धुवायला खाली चार बायकासुद्धा उरलेल्या नाहीत.

दुपारी घराची झडती झाली. कपाट उपसलं, तांदळाच्या डब्यात हात घातले, आजोबांच्या पेटीतली सगळी पत्रं नेली. तुझीही. घरच्या आजीने विचारलं की पत्रं कशाला हवीत, तर एकजण म्हणाला, लाल रेघेचं पत्र फार कामाचं आहे. आईला अट ठाऊक होती याचा आता तो पुरावा. आईसाठी नेमलेल्या वकीलबाईंनी मला हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनाच वाईट वाटत होतं. आजीचं हाड मोडलं तेसुद्धा आईच्याच नावावर लिहिलं आहे.

मला एकच सांग. शंभर होते की नाही? आईने मोजलेलं चुकत नाही. मग तू काय मोजलंस?

लोभाचं मागून बघू.

ठकी


पोलीस बराक
२८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

महिला कारागृहाच्या पत्त्यावर पहिल्यांदाच लिहितो आहे. पाकिटावर तुझ्या नावापुढे क्रमांक घालावा लागतो असं टपालबाबूने सांगितलं, तो घातला. पत्र आधी तिथले अधिकारी उघडून वाचतात, म्हणून बेताने लिहितो.

तुझी प्रकृती कशी आहे? तुला गार पाणी सोसत नाही, हे तिथे सांगितलंस का? आईकडे जाऊन आलो. तिने चहा दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. ठकी दुसऱ्या खोलीत गेली ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

माझी ड्युटी तिथे लागू नये म्हणून मी आदल्या दिवशी विनंती केली होती. गणवेश अंगावर असला की नाती खुंटीवर टांगायची असतात, असं साहेब म्हणाले. मला मोजायला सांगितलं, मी मोजलं. एकशे एक भरले. आकडा खरा आहे, ताई, तुझ्या गळ्याची शपथ. एकाच माणसाने एवढं होईल असं मला वाटलं नव्हतं. साहेबांना समज देऊन सोडता आलं असतं, पण त्यांना फाटक रिकामं हवं होतं आणि मी त्यांना कारण हातात नेऊन दिलं.

मी माझं काम केलं. एवढंच लिहू शकतो. अहवालावर माझी सही आहे आणि सुनावणीला मला साक्षीला बोलावतील. काय बोलावं ते साहेबांनी सांगून ठेवलं आहे.

झोप लागत नाही. जेवणाच्या रांगेत पुढची माणसं आपोआप मोजली जातात, मग मी रांग सोडून निघून येतो.

लोभ असावा असं लिहायलाही लाज वाटते, तरी लिहितो.

तुझा,
बारक्या


महिला कारागृह
९ मार्च

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. हे आशीर्वाद सवयीने लिहिलेले नाहीत, खरेच आहेत.

मी बरी आहे. इथे मला कोठारात घोंगड्या मोजायच्या कामाला लावलं आहे. कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच. माझ्या खोलीत सहाजणी आहोत. एकीचं मूल तान्हं आहे, ते माझ्याकडे आलं की उगी राहतं. माझ्या हातांना अजून धुलाईघरातल्या साबणाचा वास येतो आणि त्याला तो आवडत असावा.

आकड्याबद्दल तुला एक शब्दही बोलणार नाही. पहिल्याच दिवशी कोठडीत मी एकेक बिल्ला आठवत बसले. एक नंबर आजीला, दोन बॉयलरवाल्याला, असं करत करत शंभर नंबर इस्त्रीवालीच्या बहिणीला. मग माझं मनगट पाहिलं, तर ते रिकामं! इतकी हसले म्हणून सांगू, पहारेकरीण धावत आली. तिला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. त्यानंतर जी रडायला लागले ती दिवेलागणीपर्यंत. पोटच्या पोरीला परत पाठवलं, आणि स्वतः तिथेच उभी. तुझी लाल रेघ मी तीनदा मोठ्याने वाचली होती रे. वाचली आणि दुसऱ्यांनाच लागू केली.

पण काल वकीलबाईंनी तुझा अहवाल मला पूर्ण वाचून दाखवला. त्यात लिहिलं आहे की पांगण्याची सूचना दिली, पाच मिनिटं वाट पाहिली, जमाव हलला नाही, म्हणून बळ वापरलं. बारक्या, कुठली पाच मिनिटं? फाटकावर मोठं घड्याळ आहे, मी त्याच्याकडेच बघत होते. भोंगा वाजला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि आजी पडली तेव्हाही दहाच. काटा हललासुद्धा नव्हता. पाच मिनिटं मिळाली असती तर आजीला मी पाठीवर घेऊन घरी पोचवली असती. माझी एक चूक झाली ती मी कबूल करीन. पण पाच मिनिटं देऊनही आम्ही हटून उभ्या राहिलो, हे मी कसं कबूल करू? माझ्यापाशी उभ्या असलेल्या शंभर माणसांना मी हट्टी आणि दंगेखोर कसं म्हणू? वकीलबाई म्हणतात की सगळा खटला त्या पाच मिनिटांवर उभा आहे. ती दिली असतील तर काठ्या कायद्याच्या, नसतील तर आजीचं हाड माझ्या नावावर राहत नाही.

हे वाचून तुझा जीव किती टांगणीला लागेल ते मला कळतं. रागाने लिहायला बसले होते, आता राग गेला. तू खोटं लिहिणारा नव्हेस, तुझ्या मानेवर कुणीतरी हात ठेवला असणार.

म्हणून पुढचं नीट वाच. साक्ष बदलू नकोस. मी इथे बसून सगळं मोजलं आहे. आई, ठकी आणि तू, तिघंजण. माझी कमाई थांबली, आता तुझ्या नोकरीवरच घर उभं आहे. तू खरं बोललास तर खोटा अहवाल दिला म्हणून तुझ्यावरच खटला येईल, बराक जाईल, ठकीची शाळा जाईल. एकीसाठी तिघांनी बुडायचं नसतं. गणित सोपं आहे आणि मला ते मान्य आहे. मला चादरींची सवय, मी घोंगड्या मोजत काढीन सात वर्षं.

दुसऱ्या नळाचं काही कळलं का? इथे कुणाला विचारावं कळत नाही. शिट्टी ऐकू आल्यासारखी होते आणि मी उठून बसते.

लोभ जिथे होता तिथेच आहे. तो जप्त होत नाही.

तुझी,
ताई


बराक, खोली १४ (शुक्रवारपर्यंतच)
१६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्याआधी कारागृहाचे साहेब वाचतील, आणि ते वाचून माझ्या साहेबांना कळवतील. वाचू देत. मागच्या वेळी त्यांच्या भीतीने बेताने लिहिलं, या वेळी त्यांनी वाचावं म्हणूनच सगळं लिहितो आहे.

एकवीस तारखेला मी मोजायला निघालो तेव्हा उजव्या खिशात दहा चिमटे होते. तुम्ही सगळ्या इतक्या सरळ उभ्या होता की मोजताना डोळे निवले. दहावा चिमटा डाव्या खिशात पडला. शंभर. मी वळलोसुद्धा होतो. साहेबांना शंभर म्हणून सांगायचं आणि बाजूला जाऊन उभं राहायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात दोरीच्या टोकाशी तू दिसलीस. कुणाच्या तरी चादरीची घडी विस्कटली होती ती तू नीट करून देत होतीस. तुझं मनगट रिकामं होतं. मला नदी आठवली आणि हसू आलं. ताई पुन्हा स्वतःला विसरली, असं मनात आलं. आणि त्या हसण्याच्या भरात, तुझ्यावरच्या मायेने, मी तुला मोजलं. ठकीला सांग की मामा हसत होता ते यासाठी.

न मोजता आलो असतो तर खोटं बोललो असतो, हेही खरं. माझा आकडा चुकत नाही ना! त्या माजाने माझं वाटोळं केलं. एवढं खरं बोललो आणि दुपारी पाच मिनिटं खोटी लिहिली. तीसुद्धा मी लिहिली नाहीत. अहवाल आधीच लिहून आणलेला होता, माझ्यापुढे फक्त सहीची जागा होती. सूचना आणि काठी यांच्यात मी एक ते सात म्हणेपर्यंतचाही वेळ गेला नव्हता. मोजायची सवय आहे, म्हणून नक्की सांगतो. साहेब म्हणाले, आम्हालाही वरून विचारतात, आमच्याही घरी पोरंबाळं आहेत. मी सही केली. हात जरासुद्धा थरथरला नाही, तेच मला आता खातंय. तू लिहिलंस की कुणीतरी माझ्या मानेवर हात ठेवला असेल. कुणी ठेवला नाही, ताई. मी घाबरलो, बस्स.

अर्जाच्या अटी कशा हव्यात ते मी तुला शहाण्यासारखं लिहून पाठवलं होतं. त्या अटी मला अजूनही चुकीच्या वाटत नाहीत. अ‍ॅम्ब्युलन्सच्या खिडकीतला तो हात खराच होता. पण तुम्हाला बांधणाऱ्या शंभराची मी कसून मोजणी केली, आणि आम्हाला बांधणारी पाच मिनिटं मी न मोजताच खाल्ली. तीही त्याच कायद्यात लिहिलेली आहेत. त्यांच्याखाली मला कुणी रेघ मारून दाखवली नव्हती, आणि मीही कधी शोधली नाही.

काल आजीला भेटायला गेलो. मी कोण ते तिला ठाऊक होतं. मी पायाशी उभा राहिलो तर म्हणाली की उभा काय राहतोस, उशी सारखी कर. केली. मग म्हणाली, तुझ्या ताईला सांग, दुसरा नळ मंगळवारी फुटला. जेवणाची सुट्टी होती म्हणून खाली कुणी नव्हतं. आता दोन्ही नळ बदलायला माणसं आली आहेत. हे तुला कसं सांगावं याचा विचार करत मी बराकीपर्यंत चालत आलो.

आज सकाळी वकीलबाईंच्या टेबलावर बसून मी सगळा जबाब लिहून दिला आणि सही केली. दुपारी साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी गणवेश, पट्टा आणि ओळखपत्र जमा करून घेतलं. चिमटे खिशातच राहिले होते, ते परत मागायचं मला धैर्य झालं नाही. माझ्यावर खटला होणार हे नक्की. तुझ्यावरचा सुटेल का, याची खात्री वकीलबाईही देत नाहीत. म्हणतात की एका शिपायाचा शब्द आणि सहा जणांनी सही केलेला अहवाल, बघू या. कदाचित आपण दोघंही आत असू आणि आई दोन पत्त्यांवर पत्रं पाठवत बसेल. मला फार भीती वाटते, ताई. तुझ्यापासून लपवून काय करू?

शनिवारपासून मी आईकडे राहायला जातोय. बॉयलरवाल्याने कपडे पोचवायच्या गाडीवर काम बघतो म्हटलं आहे. आज ते सांगायला गेलो तर ठकीने दार उघडलं आणि मी आणलेली पिशवी हातातून घेतली.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट तेवढी मान्य नाही. आई, ठकी आणि मी, असं तू लिहिलंस. तिघंजण. इतकी वर्षं झाली तरी तू नदीवरून परत निघालेली नाहीस. बाबांनी सांगितलेला आकडा भरल्याशिवाय घरी जायचं नसतं. आपण चौघं आहोत, ताई. परत मोज.

लोभ उरला असेल तर असू द्यावा.

तुझा,
बारक्या